चुकायला येणारे सर

सरांना कायमचं पुण्याला न्यायला त्यांची मुलगी गाडी घेऊन आली, तेव्हा सर आमच्या बैठकीत स्टुलावर उभे राहून पंख्याला तेल घालत होते. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या स्टुलावर, डोक्याला कानटोपी, आणि दिवस वैशाखातले. परभणीचा वैशाख ज्यानं काढलाय त्याला कानटोपीचं वेगळं काही सांगायला नको. मुलगी दारातच थबकली. बराच वेळ वर बघत राहिली आणि मग मला हळू आवाजात म्हणाली, “हे रोज असं करतात?”

“रोज नाही हो ताई,” मी म्हणाले, “पंखा कुरकुरला तरच.”

माझं मेलीचं तोंडच असं. त्या एका उत्तरानं सरांची बाजू मी निम्मी तिथंच घालवली.

सर म्हणजे आमच्या शाळेतले संगीताचे सर. नाव सांगत नाही. परभणीच्या माणसाला ते न सांगताही कळेल, आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. त्यांचा कान असा, की देवानं दुसऱ्या कुणाचा तरी वाटा चुकून त्यांच्या पदरात टाकला असावा. कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, शेजारणीची शिंक, सगळ्यांत त्यांना खोट सापडायची. भाजीवाल्याला भर रस्त्यात थांबवून “मेथीतला ‘मे’ जरा वर घे” म्हणून सांगायचे. तो बिचारा म्हणायचा, “सर, घ्यायचीय का न्हाई तेवढं सांगा.” त्यावर सर म्हणायचे, “आधी नीट ओरड, मग घेतो.” आणि खरंच घ्यायचे, घरात एकटा जीव असूनही दोन-दोन जुड्या.

लुनाच्या कॅरेजवर पेटी, पेटीवर गोधडी, गोधडीवर सुतळी. हे बाराही महिने. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, सरांच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची बुधली. जिथं पंखा कुरकुरेल, दार करकरेल, तिथं सर आत शिरणार, स्टूल मागणार आणि तेल घालणार. घरमालकाची ओळख असलीच पाहिजे असं काही नाही. कानटोपी मात्र फक्त लग्नसराईत. लोकांना वाटायचं डोकं फिरलंय. सर म्हणायचे, “डीजेपेक्षा घाम परवडला.”

शाळेत पाहुणे येणार असले की स्वागतगीत बसवायचे. सर ओळीतून फिरत प्रत्येकीच्या तोंडाजवळ कान न्यायचे. माझ्याजवळ आले, थांबले, डोळे मिटले. मला वाटलं, आवडलं बाई सरांना. सर म्हणाले, “तू मागच्या ओळीत जा. आणि नुसते ओठ हलव.” तेव्हापासून दहावीपर्यंत त्या शाळेत आलेल्या यच्चयावत पाहुण्यांचं मी ओठ हलवून स्वागत केलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

माझं सासर झरीचं. शिवभक्त घराणं, दर सोमवारी शिवभजन, आणि भजनात पखवाजावर माझे सासरे, आप्पा. आप्पांचा दरारा असा की टाळकरी एखाद्या ठोक्यानं मागंपुढं झाला तर आप्पा काही बोलायचे नाहीत. वाजवणं थांबवून नुसते त्याच्याकडं बघायचे. त्या बघण्याला भिऊन झरीतल्या चांगल्या चांगल्या टाळकऱ्यांनी भजन सोडलं.

असा माणूस विसरायला लागला. आधी चष्मा, मग शेताची वाट, मग सासूबाई वारल्या हे, आणि मग आम्ही. डॉक्टर म्हणाले, हा स्मृतिभ्रंश, ह्याला औषध म्हणावं असं नाही, सांभाळा. आम्ही त्यांना परभणीला आणलं. माझे मालक सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. सकाळच्या गाडीनं जायचं, दिवेलागणीला यायचं. दिवसभर घरात मी, पोरीची शाळा आणि आप्पा. आप्पांचं बोलणं बंद झालं. अंगाला हात लावू देईनात. आंघोळ म्हटलं की हात उगारायचे.

आणि कणीक! पोळ्यांची कणीक मळून जरा पाठ फिरवली की आप्पा गोळा उचलून न्यायचे आणि दिसेल त्या गोल वस्तूवर थापायचे. डब्याचं झाकण, स्टूल, पोरीचा शाळेतला पृथ्वीचा गोल. एकदा तर पाहुण्यांचं हेल्मेट. लोक म्हणायचे, म्हातारपणी घाण करतात, चालायचंच. ज्याला पुसावं लागत नाही त्याला म्हणायला काय जातंय! मी रोज घासायची आणि रोज रडायची. थोरले दीर म्हणाले, “झरीला शेतात आखाड्यावर, गोठ्याच्या बाजूला खोली हाय. तिथं ठेवू. गडी बघंल. रात्री बाहेरून कडी लावली की झालं.” ते कडीचं मला पटेना, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

अशात एका सकाळी दार वाजलं. बघते तर सर. माझी शाळा सुटून कितीतरी वर्षं लोटलेली.

“तुमचा पंखा कुणाच्या जिवावर उठलाय?” सर म्हणाले. “गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायलाय. स्टूल आण.” मग माझ्याकडं नीट बघून, “तू ओठ हलवणारी ना?”

मी स्टूल आणलं. त्यावर कणीक थापलेली होती. मी ओशाळून पुसायला गेले तर सरांनी माझा हात धरला.

“हे कुणी केलं?”

“आमच्या सासऱ्यांनी. डोकं गेलंय हो त्यांचं.”

सरांनी वाकून बघितलं. कणीक मधोमध जाड, कडेला पातळ, बोटानं दाबून अगदी गोल केलेली. “डोकं गेलंय म्हणे!” सर माझ्यावरच खेकसले. “अगं, ते पखवाज तयार करायलेत!”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. मला हे ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या सोमवारी आप्पांना कणीक मीच नेऊन दिली होती. पण पखवाज झरीला माळ्यावर आणि कणीक परभणीला स्टुलावर, मग ध्यानात कसं यावं? मी तिथंच खाली बसले आणि रडले. पण ते रडणं रोजचं नव्हतं. घाण नव्हती हो ती. माणूस रोज भजनाला बसायची तयारी करत होता.

पखवाज आणला, तोंडावरची कातड्याची पुडी फाटली होती ती बदलून घेतली. सर रोज सकाळी पेटी घेऊन यायला लागले. कुणी त्याला म्युझिक थेरपी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “थेरपी शहरात करतात,” म्हणायचे, “मी भजनाला येतो.”

पण खरं सांगते, पहिले काही दिवस काहीच झालं नाही. आप्पा कणीक लावायचे, पखवाज मांडीशी ओढायचे, सर डोळे मिटून असं गायचे की रस्त्यावरचा माणूस थांबावा, आणि आप्पा बसल्या बसल्या झोपी जायचे. सर चिडायचे. “माझं गाणं ऐकून झोपणारा हा पहिलाच. तसे शाळेत पुष्कळ झोपले, पण त्यांना मार्क पाहिजे होते.”

एका सकाळी मी चहा घेऊन आले आणि येता येता सरांच्या मागं तीच ओळ म्हणाले. आपली माझ्या चालीनं. आप्पांचा हात खाडकन पखवाजावर पडला.

“हुकली!”

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. आप्पांचा आवाज मी विसरूनच गेले होते. ते माझ्याकडं बघत होते, तेच ते झरीतलं बघणं. टाळकऱ्याला पळवून लावणारं. मला तर वाटलं, पाया पडावं त्या बघण्याच्या.

“पुन्हा म्हण,” सर कुजबुजले. जन्मात पहिल्यांदा सरांनी मला ‘पुन्हा म्हण’ म्हटलं.

मी म्हटलं. पुन्हा हुकले. आप्पांनी डोळे वटारले आणि ‘धा’ करून एक ठोका दिला. “हितं. हितं यायचं, बाई. कुटं हिंडायलीस?” ताल फिरून जिथं परत येतो ती सम, गाणाऱ्यानं आणि वाजवणाऱ्यानं तिथं एकमेकांना गाठायचं असतं. मी काही गाठू शकले नाही, पण आप्पा मला गाठायला म्हणून वाजवत राहिले. चहा पार निवला.

सर त्या दिवशी जाताना दारात उभे राहिले. “मी गाढव आहे,” म्हणाले. “बरोबर गाणं ऐकलं की माणसाला वाटतं, सगळं नीट चाललंय, आपलं काही काम नाही. मग तो झोपतो. चूक ऐकली की वाटतं, आपल्यावाचून ह्यांचं कसं व्हायचं. मग उठतो.” आणि मग माझ्या तोंडाजवळ कान आणून, शाळेतल्यासारखं, “तुझ्यासारखं चुकायचं कसं, ते मला शिकव.”

सांगून खरं वाटणार नाही, पण सरांना चुकताच येईना. तोंड उघडलं की बरोबर. मी म्हणायची, “सर, मनातनं मोजू नका,” आणि सर म्हणायचे, “मी मोजत नाही गं, ते आपोआप मोजलं जातं.” समेआधीच ओळ संपवायची एवढं साधं काम, पण घाम फुटायचा त्यांना. शेवटी जमलं. मी म्हटलं, “कशाला एवढा त्रास, मीच म्हणते की रोज.” तर म्हणाले, “तू कुठंही चुकतेस. आज इथं, उद्या तिथं. म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते. चूक रोजची पाहिजे, त्याच जागी पाहिजे, म्हणजे त्याला तिची वाट बघता येते.”

आणि आप्पा वाट बघायला लागले! दुसऱ्या ओळीच्या शेवटी सर समेआधीच थांबायचे, आप्पा मान वर करायचे, ‘धा’ मारायचे, “मास्तर, हितं!” म्हणायचे. सर कान पकडायचे. मग पुन्हा ओळ, पुन्हा चूक, पुन्हा ‘धा’. भजन झालं की कणकेचे हात धुवायला आप्पा आपले आपण न्हाणीत जायचे. तिथं मी हळूच पाण्याचा तांब्या पुढं करायची, आणि बोलता बोलता आंघोळ होऊन जायची. जेवायचेही. आप्पा बरे झाले असं मी म्हणणार नाही. मला ते शेवटपर्यंत “बाई, तुमी कुणाच्या?” असंच विचारायचे. पण आखाड्यावरच्या खोलीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

सरांचं मात्र प्रत्येक वेळी एक ठरलेलं असायचं. भजन झालं की म्हणायचे, “थांब, चूळ भरून येतो.” आमच्या मागच्या दारी कडुलिंब आहे. त्या लिंबाच्या आडोशाला जाऊन, पाठमोरे उभे राहून, ती चुकवलेली ओळ एकदा हळू आवाजात बरोबर म्हणायचे. मग तोंडावरून हात फिरवून चहाला यायचे. चुकलेलं पोटात राहिलं तर जेवण जात नाही म्हणायचे.

हळूहळू सर इतर घरीही जायला लागले. कुठं जुना तबलजी, कुठं पाळण्याची गाणी म्हणणारी आजी. प्रत्येक घरी वेगळी चूक आणि तिची ठरलेली जागा. पण हे मुद्दाम चाललंय, हे बोलायची कुणाला सोय नव्हती. माझ्याकडून तर त्यांनी शपथ घेतली. “घरच्यांना कळलं की ते गालात हसतात. म्हाताऱ्याला सगळं विसरता येतं, पण लोक आपल्याला हसतात हे बरोबर कळतं. नाटक कळलं की खेळ खलास.”

मग गावात काय व्हायचं ते झालं. सर बेताल गातात. सर झाडामागं एकटेच पुटपुटतात. पेटीला गोधडी पांघरतात. लोकांच्या घरात शिरून पंख्यावर चढतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारं आमचं गाव, कशाचंही कौतुक करील, पण संगीताचा मास्तर बेसूर झालेला त्याला बघवेना. लोक हळहळायचे. कुणी तरी पुण्याला मुलीच्या कानावर घालायला लागलं.

त्यातच गंगाखेडचं घडलं. गोदावरीकाठच्या एका देवळात भजनाचा कार्यक्रम होता, सर पाहुणे. मी हौसेनं एसटीनं त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, इथं तरी लोकांना कळू दे आमचे सर काय चीज आहेत. आणि भरल्या देवळात सर समेवर चुकले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तबलेवाला हसला. बायका पदराआड बोलायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येताना एसटीत मी विचारलं, “सर, तिथं कामून चुकलात? तिथं तर आप्पा नव्हते.” सर खिडकीतून बाहेर बघत होते. कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. “ऊस चांगला आलाय औंदा,” एवढंच बोलले.

त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. आप्पांचंही असंच, चष्म्यापासून सुरू झालं होतं. आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

म्हणून वैशाखात ती मुलगी दारात उभी राहिली तेव्हा मला तिला ठासून नाही म्हणता येईना. वाईट नव्हती हो ती. डोळे रडून सुजलेले. “मी त्यांना एकटं नाही ठेवू शकत,” म्हणाली. “लोकांनी सांगितलं ते खोटं आहे का? तुम्हीच सांगा.” काय सांगू? एकूण एक गोष्ट खरी होती.

“आधी आप्पांचं भजन होऊ दे,” सर स्टुलावरून उतरत म्हणाले, “मग गाडीत बसायचं का नाही ते बघू.”

आम्ही बसलो. आप्पांनी कणीक लावली. मुलगी भिंतीला टेकून बसली. सरांच्याच हाताखाली शिकलेली, ताल तिच्या बोटात. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सर चुकले. तिची बोटं थांबली. आप्पांनी ‘धा’ मारला, “मास्तर, हितं!” सरांनी कान पकडले, पुन्हा ओळ घेतली, पुन्हा चुकले. मुलीनं डोळे मिटले आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

“बाबा,” ती म्हणाली, “एकदा नीट म्हणा. माझ्यासाठी.”

“इथं नाही.”

“मग बाहेर चला.”

“परीक्षा मी आयुष्यभर घेत आलोय,” सर म्हणाले. “देणार नाही.”

मी तिच्या कानाशी लागले. “ताई, जरा दम धरा. आत्ता ते लिंबामागं जातील, तिथं ऐका, अगदी बरोबर म्हणतात.” तिनं माझ्याकडं असं बघितलं, की माझंही डोकं तपासून घ्यावं. “लिंबामागं जातात हेच तर सगळे सांगतात! आणि एकदा बरोबर म्हटलं म्हणून काय? डॉक्टर म्हणतात, एखादा दिवस चांगला असतोच.”

आता काय करावं? माझी शपथ माझ्या गळ्यात अडकलेली. सांगावं तर आप्पा समोर. न सांगावं तर सर चालले गाडीत बसून, आणि त्यांच्यामागं आमचं घर पुन्हा आखाड्याच्या कडीपर्यंत. आणि मलाच कुठं खात्री होती? तेवढ्यात सरांनी पुन्हा ओळ धरली. सरांची चूक झाकावी म्हणून मी मोठ्यांदा त्यांच्या सुरात सूर मिसळला. म्हणजे मिसळला असं मला वाटलं.

आप्पांनी पखवाज थांबवला. आमच्या तिघांकडं बघितलं. मग माझ्याकडं बोट केलं.

“ही चुकती,” आप्पा म्हणाले. “बिचारी. कुटंबी चुकती. हिला न्हाई कळत.”

मग बोट सरांकडं गेलं. “ह्यो मास्तर चुकत न्हाई. ह्यो तिथंच थांबतो. दर बारीला तिथंच. आंधळ्यालाबी सापडंल अशा जागी.” आप्पा जरा हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना फार कमी वेळा बघितलं होतं. “ह्यो मला उठवायलाय.”

वर पंखा फिरत होता, तेल घातलेला, बिनआवाजी. सर पेटीवर हात ठेवून तसेच बसले होते. तोंड पार उतरलेलं. खेळ खलास झाला असं त्यांना वाटलं असणार. त्यांची नजर खाली होती.

आप्पांनी पखवाज पुन्हा मांडीशी ओढला. “कामून थांबलास?” म्हणाले. “चुक की. मी हाय.”

सर चुकले. काय चुकले, वा! आप्पांनी ‘धा’ मारला आणि ती मुलगी हसायला लागली. हसता हसता हुंदके, हुंदक्यात पुन्हा हसू. मी पदर तोंडात धरला होता. माझ्या छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून अंगणात टाकला असं वाटलं मला.

भजन झालं. आप्पा हात धुवायला न्हाणीत गेले. मुलीनं नाक पुसत विचारलं, “आणि गंगाखेडला, बाबा?”

“पहिल्या रांगेत एक म्हातारे होते,” सर म्हणाले. “मुलांनी दोन्हीकडून धरून आणून बसवलेले. मान छातीवर. मी चुकलो तशी मान वर आली, बोटं मांडीवर चालायला लागली. तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता. तिकडं कोण बघणार?”

मला ते ऐकून रागच आला. एसटीत सांगितलं असतं तर ह्यांचं काय गेलं असतं? उसाचं सांगितलं मेलं!

निघायची वेळ झाली. गाडीची डिकी उघडी होती, आणि सर आपल्या लुनावर पेटी बांधत होते. गोधडी, गोधडीवर सुतळी. मुलगी जवळ गेली. “बाबा, पण खरंच विसरायला लागलात तर? मला पुण्यात कसं कळणार?”

सरांची सुतळी हातातच राहिली. मला वाटलं, खेकसतील. त्यांनी कानटोपी काढली. आतले केस घामानं चप्प झाले होते.

“चुकायची जागा बदलली,” सर म्हणाले, “की ये गाडी घेऊन. मी मुकाट बसेन.”

ती एकटीच परत गेली.

आप्पा पुढच्या वर्षी गेले. शांतपणे गेले, अंथरुणाशी पखवाज होता. सर अजून आहेत. अजून लुना, अजून गोधडी, अजून बुधली. आता मी त्यांच्याबरोबर घरोघर जाते आणि मागं बसून टाळ धरते. आपल्याला काय येतंय, पण सरांच्या हट्टापुढं कोण बोलणार? त्यांनी मला बोटावर मोजायला शिकवलंय. गाता येत नाही मला अजूनही. पण कोणत्या घरी कोणती ओळ, आणि कोणती जागा, ते मला झोपेतही सांगता येईल. ओळ जवळ आली की माझा श्वास अडकतो, दर वेळी. सर तिथं थांबले, की सुटतो.

रविवारी पुण्याहून फोन येतो. सरांना नाही, मला. ती ना तब्येत विचारते, ना जेवण.

“कुठं चुकले?” विचारते.

“तिथंच,” मी म्हणते.